तिसऱ्या झोपेआधी

जिथं भट्टी होती तिथं आता कमोड मांडलेत. पांढरेशुभ्र, ओळीनं, झाकणं वर करून. दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून बसल्यासारखे. मागच्या दिवाळीत मी न्हाणीत घसरले, म्हणून पाय न घसरणाऱ्या फरशा निवडायला नात मला चिकलठाण्याच्या या दुकानात घेऊन आली.

"आजी, हा राखाडी बघ. यावर मळ दिसत नाही."

"मग मळ निघाला की नाही ते कसं कळायचं?"

नात हसली आणि दुसऱ्या रांगेकडं गेली. मी सहज वर पाहिलं, आणि मान तशीच राहिली. छताच्या कैच्या त्याच होत्या. उत्तरेकडची तिरकी काचांची ओळ तीच होती. मधल्या तुळईला एक आकडा लोंबत होता आणि त्याला आता झुंबर टांगलं होतं. त्या आकड्याला पूर्वी काय टांगलेलं असायचं, ते या दुकानात मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. मला उगीच श्रीमंत वाटलं.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या साली माझा जन्म. त्यामुळं गाव माझ्याच वयाचं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. चिकलठाण्याकडं कारखाने निघायला लागले तेव्हा मी नुकती बी.एस्सी. झाले होते. त्या वेळची मी म्हणजे दोन वेण्या, एक पदवी आणि अकलेच्या जागी आत्मविश्वास. सिल्लोडकडचं कापसातलं एक घराणं होतं, त्यातले भाऊसाहेब इंजिनीयर झाले आणि त्यांनी इथं हत्यारांना पाणी द्यायचं वर्कशॉप काढलं. हत्यारं म्हणजे तलवारी नव्हेत. ड्रिल, कटर, लेथवर लोखंड सोलणारी पाती. ती घडवायचे दुसरे. आमच्याकडं ती मऊ यायची आणि कडक होऊन जायची. कडकपणा मोजायच्या यंत्रावर बसायला भाऊसाहेबांना शिकलेलं माणूस हवं होतं. मी गेले. आई म्हणाली, "लोखंडात पोरगी?" वडील म्हणाले, "मोजायचं तर आहे. कुठं उचलायचंय!"

शहागंजहून निघालेली बस नाक्यावर सोडायची. तिथून पुढं पायी. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि मधूनच एखादा नवा पत्र्याचा शेड. दिवसातून एकदा विमान उतरायचं, तेव्हा ज्वारीतली पाखरं एकदम उठायची आणि विमान थांबलं की पुन्हा बसायची. शेडच्या दारात पोचायच्या आधीच वास यायचा. मशीनचं तेल, रॉकेल, करपलेलं गोणपाट आणि या सगळ्याखाली एक कोरडा, जिभेवर उतरणारा वास. तो वितळलेल्या मिठाचा. खायच्या मिठाचा नव्हे. आमच्या भट्ट्यांमध्ये एक विषारी मीठ वितळवून पाण्यासारखं पातळ केलेलं असायचं, आणि हत्यारं त्यात बुडवायची. तीन कुंडं होती. पहिलं काळपट, दुसरं गाजरासारखं, आणि तिसरं पांढरं. तिसऱ्यात बाराशे अंशांच्या वरची आच. त्याच्याकडं निळ्या काचेतून बघायचं असा नियम होता.

लतीफचाचा निळी काच खिशात ठेवायचे आणि तिसऱ्या कुंडात उघड्या डोळ्यांनी बघायचे.

चाचा खुलताबादचे. उंच, वाकलेले, भुवया जळून गेलेल्या. भट्टी त्यांची होती. म्हणजे मालकी भाऊसाहेबांची, पण भट्टी चाचांची. भिंतीवर आच दाखवणारा मीटर होता, त्याच्याकडं ते पाहायचे ते फक्त तो चुकतोय का हे बघायला. पहिल्या दिवशी मी त्यांना हायस्पीड पोलादात काय काय असतं ते ऐकवलं. टंगस्टन अठरा टक्के, क्रोमियम चार, व्हॅनेडियम एक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ये तो मसाला हुआ, बेटी. पकाना कब सीखोगी?"

मला राग आला. तो राग मी दुपारपर्यंत टिकवला होता, असं आठवतं.

धार लावायच्या चाकावर त्यांनी मला पोलाद ओळखायला शिकवलं. साधं पोलाद टेकवलं की फुलबाज्यासारख्या ठिणग्या, झाडच्या झाड उजळायचं. हायस्पीड टेकवलं की चार-दोन लालसर, रुसलेल्या ठिणग्या, त्याही लगेच विझणाऱ्या. "जो असल में काम का है, वो दिखावा नहीं करता," असं म्हणून ते माझ्या नव्या गॉगलकडं बघायचे. साधं पोलाद कापताना तापलं की धार सोडून देतं. हे लाल होईतो तापलं तरी धार सोडत नाही. म्हणून त्याचे लाड.

आणि लाड म्हणजे झोप. पांढऱ्या कुंडातून काढून विझवलं की हत्यार कडक होतं, पण ते काचेसारखं. पडलं तर फुटेल. मग ते थंड करायचं, धुवायचं आणि पेटीसारख्या चौथ्या भट्टीत साडेपाचशे अंशांवर तास-दीड तास ठेवायचं. साधं पोलाद अशा आचेवर मऊ पडतं. हे आणखी कडक होतं, हे मला तेव्हाही नवल वाटायचं, आजही वाटतं. पण एकदा ठेवून भागत नाही. पोलादाचा थोडा भाग पहिल्या वेळी बदलायचा राहून जातो. भट्टीतून काढून थंड होताना तो बदलतो आणि तेवढाच कोवळा, तडकणारा राहतो. म्हणून पुन्हा ठेवायचं. मग पुन्हा. चाचा त्याला झोप म्हणायचे. "लोहा तीन बार सोएगा." आणि दोन झोपांच्या मधे हत्यार आपल्या आपण, हवेत, पूर्ण गार व्हायला हवं. किती गार? मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं तर हत्यार आहे की आपलंच दुसरं मनगट, ते कळू नये इतकं.

तोवर कुणी घाई करायची नाही. हा तिथला रिवाज होता. हत्यार आकड्याला टांगलेलं आणि आम्ही खाली बसलेलो. पावसाळ्याच्या शेवटी भाऊसाहेब सिल्लोडहून मक्याची कणसं पोतंभर आणायचे, ती पेटीभट्टीच्या झाकणावर भाजायची. दाणे तडतडायचे. रमजानात चाचा भट्टीसमोर रोजा धरून उभे असायचे, तेव्हा अख्ख्या शेडमध्ये त्यांच्या देखत कुणी पाणी प्यायचं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. खंडेनवमीला भट्टीला झेंडूची माळ. पूजेला कुठलं हत्यार ठेवायचं ते चाचा निवडायचे, आणि भाऊसाहेबांच्या आई त्याला कुंकू लावायच्या. हिवाळ्यात सगळ्यांना भट्टीजवळचं काम हवं असायचं आणि मे महिन्यात सगळ्यांची पोटं बिघडायची. दारातल्या कडुनिंबाखाली रांजण होता, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. मोहर गळायला लागला की पाण्यावर बारीक पांढरी फुलं तरंगायची. ती फुंकून प्यायचं.

माझं काम शेवटचं. यंत्राला हिऱ्याची टोचणी होती. ती हत्यारात रुतायची आणि काटा आकडा सांगायचा. चौसष्ट आला की मी शिक्का मारायची. त्या शिक्क्याचा मला केवढा गर्व! वेण्या मागं टाकून, नाक वर करून, ठप्प. आज आठवलं की त्या मुलीचं नाक धरून खाली ओढावंसं वाटतं.

दुसऱ्या वर्षी पुण्याहून एक ब्रोच आला. ब्रोच म्हणजे हातभर लांबीचा दांडा, अंगभर दात असलेला. भोकातून एकदा ओढला की भोकाला आतून खाचा पडतात. एका माणसाचं महिनाभराचं काम त्या दातांत होतं. भाऊसाहेबांनी सगळ्यांच्या देखत चाचांना सांगितलं.

"चाचा, लोक म्हणतात तुमची नजर गेली. मी नाही म्हणत, लोक म्हणतात. हा ब्रोच जमला तर भट्टी तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर डिप्लोमावाला माणूस बघतो आणि तुम्ही बसून खा."

"बैठ के खाने को मैं क्या नवाब हूं?" चाचा म्हणाले. पण त्यांनी त्या दिवशी निळी काच खिशातून काढून पुसली. डोळ्याला लावली नाही. नुसती पुसली.

गुरुवारी ब्रोच कडक झाला. पहिली झोप झाली. शुक्रवारी सकाळी दुसरी. साडेबाराला तो पेटीतून निघाला आणि त्या आकड्याला टांगला गेला. शुक्रवार म्हणजे चाचा नमाजला जायचे.

"बेटी, ठंडा होने देना. मैं आयें तक हाथ नक्को लगाना."

"हौ, चाचा."

आणि ते सायकलवर बसून गेले. पुण्याचा माणूस जीप घेऊन सकाळपासून दारात होता. पांढरा सदरा, मनगटावर जाड घड्याळ. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा. मला विचारलं, "इथं इन्स्पेक्शन कोण करतं?" मी म्हटलं, "मी." तो म्हणाला, "अच्छा!" एवढंच. त्या 'अच्छा'त काय होतं ते मी नंतर पुष्कळ शोधलं. काहीही नव्हतं. माणसाला भूक लागलेली असणार. पण त्या वेळी मला वाटलं, याला दाखवलंच पाहिजे. चाचा यायच्या आत हत्यार गार करून तिसऱ्या झोपेला ठेवायचं, म्हणजे संध्याकाळच्या आत काम तयार. मुलगी काय करू शकते ते पुण्यात जाऊन सांगेल!

हातमोजा घालून मी ब्रोच आकड्यावरून काढला. मोज्यातूनही चटका बसत होता. बाहेर वारा होता. रांजणाजवळची हवा सगळ्यात गार, हे मला पदवी न घेताही ठाऊक होतं. मी ब्रोच रांजणाला, ओल्या गोणपाटाला टेकवून उभा केला. चस्स झालं, थोडी वाफ निघाली. मी खूश. आणि मग, वाफ विरल्यावर, टिंग.

बारीकसा आवाज. चमचा बशीला लागावा तसा.

मी इकडं तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. मी ब्रोच पुन्हा आकड्याला टांगला. थोड्या वेळानं मनगट लावलं, गार होता. पेटीत ठेवला. चाचा आले तेव्हा झाकण बंद होतं.

"ठंडा हुआ था?"

"हौ."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच इतक्या सहज निघालं.

संध्याकाळी आकडा चौसष्ट आला. भिंग घेऊन दात तपासायचे असतात. मी तपासले. एक बाजू सोडून. त्या बाजूला भिंग गेलंच नाही, हात आपोआप वळला. ठप्प. चाचा म्हणाले, सकाळी न्या, रात्रभर राहू दे. पुण्याचा माणूस म्हणाला, आजच. तेलकट कागदात गुंडाळून त्यानं तो नेला. जाताना मला म्हणाला, "चला, लवकर झालं." त्या तीन शब्दांवर मी रविवार काढला.

पुढच्या आठवड्यात जीप परत आली आणि पोत्यातून ब्रोचचे दोन तुकडे निघाले.

भाऊसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी तुकडे चाचांसमोर ठेवले. "आच जास्त झाली, चाचा."

चाचांनी तुटलेला भाग उजेडात धरला. आच जास्त झाली की आतला दाणा मोठा होतो, साखरेसारखा चमचमतो. हा राखाडी होता, रेशमासारखा मऊ दिसणारा. "ये देखो साब. रेशम है. आच बराबर थी." मग त्यांनी बोट फिरवत नेलं आणि कडेला थांबवलं. तिथं नखाएवढा डाग होता, निळसर काळा. "टूटा पुने में. पर फटा यहां. फटने के बाद आग में गया है, इसलिए काला हुआ. ये तीसरी नींद के पहले का जख्म है."

"तिसऱ्या झोपेआधी तर तुम्ही नमाजला होतात."

"हौ. मैं नहीं था."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. चाचांनी आधी पाहिलं.

"ह्या पोरीनं काहीतरी केलं," ते मराठीत म्हणाले. भाऊसाहेबांना नीट कळावं म्हणून मराठीत.

"मी हातसुद्धा लावला नाही," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी सुस्कारा सोडला. "चाचा, तुमच्या वयाला शोभत नाही. लेकीसारख्या पोरीवर ढकलता?"

चाचांनी खिशातून निळी काच काढून टेबलावर ठेवली आणि धार लावायच्या चाकाजवळच्या स्टुलावर जाऊन बसले.

ते तिथंच बसले. पुढचे कितीतरी दिवस. सुताराच्या पटाशा, गवंड्याच्या छिन्न्या, जे येईल त्याला धार लावत. भट्टीवर डिप्लोमावाला आला. चांगला माणूस होता, मीटर बघायचा, वहीत लिहायचा. चाचांची पाठ भट्टीकडं असायची, पण कुंडात हत्यार उतरलं की त्यांचा हात चाकावर थांबायचा. हत्यार निघालं की पुन्हा चाक सुरू. डबा खाताना ते आता झाडाखाली एकटे बसायचे. मी शिक्के मारत होते. कुणी मला काही म्हणत नव्हतं. उलट भाऊसाहेबांच्या आईंनी माझ्यासाठी तिळाचा लाडू पाठवला, बिचारीवर आळ घेतला म्हणून. मी तो खाल्ला. चवीला उत्तम होता, हेही लिहून टाकते.

लाडवानंतर की आणखी कशानंतर, ते सांगता येत नाही. एका सकाळी मी डब्याची पिशवी खांद्यालाच ठेवून भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ब्रोच मी रांजणाला टेकवला होता. मला आवाज आला होता."

त्यांना पटेना. त्यांना वाटलं, मी म्हाताऱ्याची दया येऊन बोलतेय. "तू कशाला टेकवशील? तुला काय पडलंय?" आता याचं उत्तर काय देणार? एक माणूस 'अच्छा' म्हणाला म्हणून? शेवटी मी तेही सांगितलं. ते ऐकल्यावर मात्र त्यांना पटलं. इतकं वेडगळ कारण कुणी रचून सांगत नाही.

त्यांनी चाचांना बोलावलं आणि सगळं माझ्याच तोंडून पुन्हा वदवलं. चाचांनी ऐकलं. हात पुसले.

"इत्ते दिन लगे?"

मी डब्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मैंने सोचा था, दो दिन लगेंगे," ते म्हणाले, आणि टेबलावरची निळी काच उचलून खिशात टाकत भट्टीकडं गेले.

भाऊसाहेब मला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. आवाज चढवला नाही. शिक्का ज्याच्या हातात, त्यानं ऐकलेलं लपवलं तर शिक्क्याला काय अर्थ, एवढंच म्हणाले. यात मला आजही खोट काढता येत नाही. प्रयत्न मात्र केला होता. घरी आईला मी सांगितलं की भट्टीच्या धुरानं डोकं दुखतं. तिनं लगेच विश्वास ठेवला. तिला तेच हवं होतं.

"आजी, कधीची वर काय बघतेयस? झुंबर आवडलं?"

नात जवळ येऊन उभी होती. मी म्हटलं, इथं मी नोकरीला होते.

"इथं? टाइल्सच्या दुकानात?"

"तेव्हा कारखाना होता."

"किती वर्षं?"

"चौदा महिने."

"एवढंच!" ती म्हणाली, आणि मला दोन फरशा दाखवल्या, एक खडबडीत आणि एक कमी खडबडीत. मी खडबडीत घेतली. चाचा पुढं पुष्कळ वर्षं त्या भट्टीवर होते, असं मला नंतर कळलं. भाऊसाहेबांनी त्यांच्या नजरेचा विषय पुन्हा काढला नाही.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते भिंग आणि अंगावरचा निळा कोट परत करायला गेले तेव्हा. पुण्याहून नवा ब्रोच आला होता आणि मी दारात पोचले नेमकी तेव्हाच तो पांढऱ्या कुंडात उतरला. त्या आचेत हत्यार फक्त काही मिनिटं राहतं. कमी पडलं तर कच्चं, जास्त झालं तर दाणा फुगला. भिंतीवर घड्याळ होतं, तरी चाचा तोंडानं मोजायचे, आणि मोजताना त्यांच्याशी बोलायचं नसतं. "एक सौ बीस, एक सौ इक्कीस." कुंडाचा उजेड त्यांच्या तोंडावर खालून पडला होता. नव्या साडीत, हातात कोटाची घडी घेऊन मी दारात अशी उभी राहिले की त्यांना दिसावी. डोळ्यांत पाणीसुद्धा तयार ठेवलं होतं. मला वाटत होतं, ते एकदा मान वळवतील, 'बेटी' म्हणतील, निदान हात वर करतील. "तीन सौ चार. तीन सौ पांच." डिप्लोमावाल्यानं मला पाहिलं आणि हळूच कोट घेतला. मी तरीही थांबले. मोजणी संपली. चाचांनी ब्रोच बाहेर काढला, तो पहाटेच्या चांदणीसारखा पांढरा होता, आणि नजर त्याच्यावरून तसूभरही न हलवता त्यांनी तो विझवायला शेजारच्या कुंडात सोडला.

मान त्यांनी वळवली नाही. वळवली असती तर तोही ब्रोच माझ्याच नावावर गेला असता.